बोटीवर राहायचंय? मग आधी जागा, नंतर बोट: सॅन फ्रान्सिस्को खाडीतल्या मरीनांचा खरा हिशेब

वर्षातून चार-पाच वेळा तरी बे एरियातल्या कुणा मराठी ओळखीच्याचा फोन येतो आणि सुरुवात साधारण सारखीच असते. तीस हजार डॉलरला चौतीस फुटी शिडाची बोट विकायला आहे. मरीनाचा, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्याचा, दर फुटाला महिना १५ डॉलर. म्हणजे ३४ गुणिले १५, झाले ५१० डॉलर. इथे एका बेडरूमला अडीच हजारांच्या आसपास भाडं जातंय, मग बोटच का घेऊ नये?

मी आणि नवरा पाच वर्षं ऑकलंडजवळच्या अलामेडाच्या बाजूला कॅटलिना ३४ नावाच्या शिडाच्या बोटीवर राहिलो. ती वर्षं मला फार प्रिय आहेत, म्हणून कुणाला नाउमेद करण्यासाठी हे लिहीत नाही. पण वरच्या हिशेबात लांबी चुकली आहे, दर अपुरा आहे, आणि मुख्य म्हणजे क्रम उलटा आहे. बोटीपासून सुरुवात केली की पैसे जातात. सुरुवात परवानगीपासून करायची.

पहिली पायरी: राहण्याची परवानगी

मरीनात बोट ठेवणं आणि मरीनात बोटीवर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या जागी बोट बांधतात तिला इथे स्लिप म्हणतात. स्लिप मिळाली म्हणून तिथे राहता येतं असं नाही. त्यासाठी 'लिव्हअबोर्ड' परवानगी वेगळी घ्यावी लागते.

कारण समजून घेतलं तर पुढचे सगळे नियम आपोआप कळतात. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या किनाऱ्यावर १९६५ पासून बीसीडीसी (खाडी संवर्धन आणि विकास आयोग) नावाचा राज्याचा आयोग आहे. खाडीत भराव टाकून ती आकसत चालली होती, ते थांबवायला तो नेमला गेला. खाडीचं पाणी हे सगळ्या जनतेसाठी राखलेलं आहे, त्यावर कुणी खासगी घर करणं हा त्याचा योग्य वापर नव्हे, अशी त्यामागची कायद्याची भूमिका. तरीही मरीनात रात्री चार माणसं असली की चोऱ्या कमी होतात, बुडू लागलेली बोट वेळेत दिसते. म्हणून तडजोड अशी, की मरीनातल्या मंजूर जागांपैकी साधारण १० टक्क्यांपर्यंत जागा राहणाऱ्यांना द्यायच्या. त्याही शौचालय, आंघोळीची सोय आणि पार्किंग जवळ असेल अशाच ठिकाणी.

तीनशे स्लिपचा मरीना असेल तर राहणारे फार तर तीस. या तिसांतले फारसे कुणी हलत नाहीत, म्हणून प्रतीक्षा यादी वर्षावर्षाची असते. मुंबईत फ्लॅट भाड्याने घेताना मालक तयार असला तरी सोसायटीची एनओसी लागते. इथे मरीनाची परवानगी म्हणजे ती एनओसी समजा.

आमची फसगत नेमकी इथेच झाली. विकणारा स्वतः बोटीवर राहत होता आणि म्हणाला, स्लिप बोटीबरोबर येते. आम्ही पैसे मोजले. ऑफिसात गेलो तर कळलं की स्लिप तुमच्या नावावर करून देऊ, पण राहण्याची परवानगी त्या माणसाची होती, बोटीची नव्हती. यादीत नाव घातलं. पुढचे चौदा महिने घराचं भाडं आणि स्लिपचं भाडं दोन्ही भरलं. ती रक्कम आजही आठवली की जीव कळवळतो. जाहिरातीत 'लिव्हअबोर्ड स्लिपसह' असं लिहिलेलं दिसलं तर ऑफिसकडून लेखी घ्या. विकणाऱ्याच्या शब्दावर एक डॉलरही देऊ नका.

तेव्हा बोट बघायला जाण्याआधी किमान सहा मरीनांच्या ऑफिसांत स्वतः जा. फोन करण्यापेक्षा जाणं बरं, कारण हार्बरमास्टर, म्हणजे मरीनाचा प्रमुख, माणूस बघून ठरवतो. यादीत नाव घालायला थोडं डिपॉझिट लागतं, ते दोन-तीन ठिकाणी भरा. विचारायच्या गोष्टी अशा: यादी किती लांब आहे, किती जुनी बोट चालते, लाकडी बोट चालते का, दोघांसाठी वेगळे पैसे लागतात का, आणि परवानगी नसताना आठवड्याला किती रात्री झोपता येतं. बऱ्याच ठिकाणी तीन रात्रींपर्यंत चालतं, काही ठिकाणी त्याहून कमी.

परवानगी न घेता गुपचूप राहणारेही आहेत, इथे त्यांना 'स्नीक-अबोर्ड' म्हणतात. मी या मार्गाच्या पूर्ण विरोधात आहे. पकडलं गेलं तर महिन्याच्या नोटिशीवर स्लिप जाते, आणि चौतीस फुटी बोट घेऊन तुम्ही ऐन वेळी जाणार कुठे? फुकट नांगर टाकून राहण्याचे दिवसही सरले. साउसालिटोजवळच्या रिचर्डसन बेमध्ये पूर्वी पुष्कळ जण तसे राहत. आता तिथे ७२ तासांच्या वर थांबायला परवानगी लागते.

खासगी मरीना की सरकारी, हा प्रश्न हमखास येतो. सरकारी सहसा स्वस्त आणि यादी लांब, खासगी महाग पण सोयी बऱ्या. मात्र कायमची शाश्वती कुठेच नाही. रेडवुड सिटीतलं पीट्स हार्बर खासगी होतं. ते विकायला निघालं आणि २०१३ च्या सुरुवातीला तिथल्या लोकांना बोटी हलवाव्या लागल्या. त्याच गावातल्या डॉकटाउनची जागा शहराची होती. तिथली वस्ती २०१६ मध्ये शहराने हटवायची ठरवली, आणि कारण तेच, सार्वजनिक पाण्यावर खासगी घरं. करार बहुतेक ठिकाणी महिन्या-महिन्याचा असतो. म्हणून बोट नेहमी चालत्या स्थितीत ठेवायची, हा मला या सगळ्यातून मिळालेला धडा.

दुसरी पायरी: बोटीची लांबी मोजणं

आपल्याकडे फ्लॅट घेताना कार्पेट एरिया आणि सुपर बिल्ट-अप यातला फरक सगळ्यांना ठाऊक असतो. बोटीचंही तसंच आहे. कॅटलिना ३४ ची लांबी साडेचौतीस फूट. पण मरीना मोजतो ती टोकापासून टोकापर्यंतची लांबी. पुढे नांगराचा रोलर बाहेर आलेला असतो, मागे छोटी होडी टांगायच्या कमानी असतात, शिडी असते. आमची बोट ऑफिसच्या माणसाने टेप लावून मोजली तेव्हा साडेसदतीस फूट भरली.

पुढचा नियम असा, की बोटीची लांबी आणि स्लिपची लांबी यांतली जी जास्त असेल तिचे पैसे. स्लिपा ठरावीक मापाच्या असतात, ३०, ३६, ४० अशा. साडेसदतीस फुटी बोट ३६ च्या स्लिपमध्ये टोक बाहेर काढून ठेवू देतील का, हे त्या मरीनावर अवलंबून. नाही म्हणाले तर ४० ची घ्यावी लागते. १५ डॉलरच्या दराने ३६ चे ५४० आणि ४० चे ६००, पण मोठ्या स्लिपचा दर फुटामागेच जास्त असतो, त्यामुळे फरक साठाहून मोठा पडतो. आम्ही मागच्या कमानी काढून टाकल्या, होडी हवा भरायची घेतली आणि घडी करून डेकवर ठेवली. एका शनिवारच्या कामात दर महिन्याचे पैसे वाचले.

दोन सांगाडे शेजारी जोडलेली, म्हणजे कॅटामरान बोट घ्यायचा विचार असेल तर थांबा. ती नेहमीच्या स्लिपमध्ये मावत नाही. डॉकच्या टोकाची जागा लागते, ती मोजकी असते आणि भाडं दीडपट किंवा त्याहून जास्त लागू शकतं.

स्लिप बघताना खोलीही विचारा. या खाडीत गाळ फार. आमच्या बोटीचा कील, म्हणजे तळाला असलेला वजनदार भाग, पाण्याखाली साडेपाच फूट जात असे, आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या ओहोटीला ती चिखलात अलगद बसायची. नुकसान होत नाही, पण त्या वेळेत बाहेर पडता येत नाही. वाऱ्याची दिशाही बघा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा २० ते २५ नॉटने सुटतो. ज्या स्लिपमध्ये तो बाजूने लागतो तिथे बोट रात्रभर दोरांवर हिसके खाते आणि डोलकाठीवर दोर आपटत राहतात. अलामेडाची एस्च्युअरी, म्हणजे खाडीचा अरुंद फाटा, त्या मानाने शांत आणि उबदार, म्हणून आम्ही ती निवडली.

तिसरी पायरी: स्लिपच्या वरचे मासिक खर्च

राहण्याचं शुल्क हे पहिलं. ते स्लिपच्या भाड्यावर वेगळं असतं, कुठे शंभर-दीडशे तर कुठे पाचशेपर्यंत. या पैशांत शौचालयाची किल्ली, शॉवर, कचरा, पार्किंग येतं. वीज कधी येते, कधी नाही, तेव्हा हे स्पष्ट विचारून घ्या.

विजेवर जरा थांबते, कारण नवे लोक इथेच सर्वांत जास्त चुकतात. डॉकवरच्या खांबातून साधारण ३० अँपिअर, १२० व्होल्टची जोडणी मिळते. म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० वॉट. छोटा हीटर १,५०० वॉटचा, साडेबारा अँपिअर. दोन लावले की पंचवीस. त्यात सकाळी चहासाठी विजेची किटली लावलीत की ब्रेकर पडलाच. आणि हा भार तासन्‌तास राहिला तर केबलचा प्लग तापतो. प्लगच्या पात्या तपकिरी झाल्या असतील, हात लावल्यावर गरम लागत असतील, तर त्याच दिवशी बदला. बोटींना आग लागण्याच्या नेहमीच्या कारणांत हे एक आहे. एक हीटर रोज आठ तास चालला तर १२ युनिट, महिन्याला ३६०. युनिटला ४० सेंट धरले तर १४४ डॉलर, तेही एकाच हीटरचे.

थंडीपेक्षा ओलावा जास्त त्रास देतो. माणूस श्वास घेतो, भात शिजतो, कुकरची शिटी होते, आणि ती सगळी वाफ थंड फायबरग्लासवर जाऊन पाणी होते. कोकणात श्रावणात कपाटातल्या कपड्यांना जी बुरशी धरते ती इथे डिसेंबरात गादीखाली धरते. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला, आणि एक छोटा डीह्युमिडिफायर दिवसभर चालू ठेवा. त्याची वीज खर्चात धरा.

विजेचा आणखी एक खर्च डोळ्यांना दिसत नाही. खांबातून येणाऱ्या केबलमधली हिरवी अर्थिंगची तार तुमची बोट आणि शेजारची बोट जोडते. दोन्हींचे धातू खाऱ्या पाण्यात बुडालेले असतात, त्यामुळे मोठी बॅटरीच तयार होते आणि तुमच्या बोटीला झिजण्यासाठीच लावलेला झिंकचा तुकडा, मग बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा, हळूहळू झिजत जातो. गॅल्व्हानिक आयसोलेटर नावाचं उपकरण त्या तारेवर बसवलं की हे थांबतं. काही शे डॉलर लागतात, ते जरूर घाला. तसंच नव्या डॉकांवर ३० मिलीअँपिअर गळती दिसताच वीज तोडणारी यंत्रणा असते. जुन्या बोटींचं वायरिंग तिच्यासमोर टिकत नाही. राहायला जाण्याआधी बोटीचं काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं तर पहिली रात्र अंधारात जाणार नाही.

मैला हा पुढचा विषय, आणि यात कुठलीही पळवाट नाही. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडता येत नाही. खाडी सगळीच त्या आत येते. बोटीत टाकी असते, साधारण पंचवीस-तीस गॅलनची, आणि ती पंपाने रिकामी करून घ्यावी लागते. काही मरीनांत टाकीत रंगाची गोळी टाकून जातात. पाण्यात रंग दिसला तर परवानगी गेली. पंप-आउटची सार्वजनिक ठिकाणं मोफत किंवा अगदी नाममात्र पैशांत असतात, पण तिथे बोट घेऊन जावं लागतं. बोटीपर्यंत येऊन टाकी उपसणारी सेवाही मिळते, तिचे दर फेरीमागे तीस-चाळीस डॉलरपासून पुढे.

माझा सल्ला, स्वतः बोट घेऊन जा. दहा दिवसांतून एकदा इंजिन चालतं, स्लिपमधून निघण्याचा आणि परत लागण्याचा हात बसतो, आणि बोट खरोखर चालते हे हार्बरमास्टरला दिसतं. तरीही महिन्यात दोन फेऱ्यांचे पैसे बाजूला असू द्या, कारण पावसाळी वाऱ्यात बाहेर पडायची इच्छा होत नाही.

सिंकचं पाणी मात्र सरळ खाडीत जातं. आपल्या कढईतलं तेल आणि फोडणीचा खरवड आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाका, मगच भांडं धुवा. पाण्यावर पसरलेला तवंग शेजाऱ्यांना लगेच दिसतो, आणि मनापासून सांगते, त्या पाण्यात सकाळी बगळे असतात, कधी सीलही येतो.

चौथी पायरी: विमा, कर आणि बोटीचं पोट

बहुतेक मरीना किमान ३ लाख डॉलरचा दायित्व विमा मागतात, काही ५ लाखांचा, आणि पॉलिसीत मरीनाचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालावं लागतं. विमा कंपनीला तुम्ही बोटीवर राहणार आहात हे सांगा. हप्ता वाढतो, पण लपवलंत तर दावा फेटाळला जातो. बोट जुनी असेल तर सर्व्हेअरकडून, म्हणजे बोटींच्या तपासनिसाकडून, तपासणी मागतात. त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढावी लागते. सर्व्हेअरची फी फुटावर असते आणि बोट वर काढणाऱ्या यार्डाचं बिल वेगळं. मी तर म्हणेन, खरेदीआधी ही तपासणी केलीच पाहिजे.

कर तीन ठिकाणी लागतो आणि पहिल्या वर्षी लोक दचकतात. खासगी माणसाकडून बोट घेतली तरी राज्याचा यूज टॅक्स (विक्रीकरासारखा) असतो, अलामेडा काउंटीत दहा टक्क्यांच्या थोडा वर. तीस हजारांच्या बोटीवर तीन हजारांहून जास्त. मग दरवर्षी काउंटीचा मालमत्ता कर, १ जानेवारीला बोट ज्याच्या नावावर असेल त्याला, किमतीच्या एक टक्क्याच्या वर. स्लिप सरकारी मरीनात असेल तर त्या जागेच्या ताब्यावरही वेगळा कर येऊ शकतो. तो भाड्यात धरलेला नसतो, बिल काउंटीकडून येतं.

आणि बोटीचं पोट. खाऱ्या पाण्यात शेवाळ आणि कालवं धरतात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी पाणबुड्या येऊन खालचा भाग घासून जातो, आणि झिंक संपलं का तेही बघतो. दर दोन-तीन वर्षांनी बोट वर काढून विषारी रंग द्यावा लागतो. ते काम यार्डाकडून करून घेतलं तर काही हजारांत जातं. त्या आठवड्यात राहायचं कुठे, हेही ठरवून ठेवा. बरीच यार्डं वर काढलेल्या बोटीत झोपू देत नाहीत.

आता वही काढा

पुढचे दर हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या मरीनाचे आकडे घालून पुन्हा मांडा. चौतीस फुटी बोट, ३६ फुटी स्लिप, दोन माणसं, महिन्याचा खर्च डॉलरमध्ये:

स्लिप ३६ × १५ = ५४०
राहण्याचं शुल्क ३००
वीज, वर्षाची सरासरी ७५
पंप-आउटच्या दोन फेऱ्या ८०
पाणबुड्या, दोन महिन्यांचे १४० धरून ७०
विमा, वर्षाचे ९०० धरून ७५
मालमत्ता कर ३०
तळाचा रंग, अडीच वर्षांनी ३,६०० धरून १२०
दुरुस्तीची शिल्लक २५०
लाँड्री ५०
सामानाची भाड्याची खोली ११०

बेरीज १,७००. नुसत्या स्लिपच्या ५४० च्या तिपटीहून जास्त. भाड्याच्या घरापेक्षा तरीही कमी, हे खरं आहे आणि आमच्यासाठीही खरं ठरलं. पण यात बोटीची किंमत, यूज टॅक्स, पहिली तपासणी आणि यादीतल्या प्रतीक्षेत दोन्हीकडे भरलेलं भाडं नाही. ते सगळं वेगळ्या पानावर लिहा आणि किती महिन्यांत भरून निघतं ते बघा. दोन वर्षांपेक्षा कमी राहणार असाल तर पैशासाठी हे करू नका.

दुरुस्तीच्या २५० वर अनेक जण काट मारतात. मारू नका. तो पैसा काही महिने नुसता पडून राहतो आणि मग एका आठवड्यात पाण्याचा पंप आणि बॅटऱ्या मिळून हजार घेऊन जातात. सामानाची खोली मात्र वर्षभरात सोडता येते. आम्ही अकराव्या महिन्यात सोडली. तिच्यात उरलं होतं ते लग्नातलं पितळेचं सामान आणि पुस्तकं, ती मैत्रिणीकडे ठेवली.

सही करण्याआधी

करारात चार गोष्टी शोधा: भाडं किती दिवसांच्या सूचनेवर वाढवू शकतात, पाहुणे किती रात्री राहू शकतात (आई-बाबा भारतातून तीन महिन्यांसाठी येणार असतील तर हे आधीच बोला), बोट विकली तर स्लिपचं काय, आणि डॉकची दुरुस्ती निघाली तर पर्यायी जागा देतात का.

मग दोनदा स्लिपवर जा. एकदा दुपारी चारला, वारा भरात असताना. दुसऱ्यांदा मोठ्या ओहोटीच्या वेळी, किराणा भरलेली ढकलगाडी घेऊन. डॉक पाण्याबरोबर खाली गेलेला असतो, उतरता पूल जवळजवळ शिडीसारखा उभा होतो. ती गाडी खाली नेताना आणि गॅसची रिकामी बाटली वर आणताना गुडघे काय म्हणतात ते बघा. शौचालयापर्यंतची पावलं मोजा, रात्री दोनला पावसात तेवढं चालावं लागेल. तिथे राहणारं कुणी डेकवर दिसलं तर हाक मारा आणि गेल्या जानेवारीचं वीजबिल किती आलं ते विचारा. बोटीवर राहणारी माणसं बोलायला उत्सुक असतात. बिलाचा आकडा तर सांगतीलच, बहुधा चहाही पाजतील.